पाण्याला घाबरणारी आर्डेलिया

आर्डेलिया टॉलिव्हर वारली तेव्हा पाद्रीबुवांनी भर चर्चमध्ये तिला शूर म्हटलं आणि मला बाकावर बसल्याबसल्या हसू फुटलं. शूर कसली डोंबलाची! आमच्या वेलँड गावात तिच्याइतकी पाण्याला घाबरणारी बाई दुसरी नव्हती. आभाळात एवढासा ढग दिसला की बाईने डोक्याला प्लॅस्टिकची टोपी बांधलीच. कुणाच्या बागेत पाण्याचा पाईप सुटलेला दिसला तर रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मी क्लोटील व्हान्स, तिची लहानपणापासूनची मैत्रीण. हातपाय आता थकलेत, पण तोंड अजून चालतंय. तेव्हा तिचं खरं काय ते मीच सांगते.

तशी पाण्याची धास्ती आम्हा सगळ्याच काळ्या बायकांना होती. कारण केस. आमचे केस दाट, कुरळे, हट्टी. ते सरळ करायचे म्हणजे लोखंडी कंगवा शेगडीवर तापवायचा, डोक्याला मलम चोपडायचं आणि एकेक बट मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायची. कंगवा कानाजवळ आला की श्वास रोखून बसायचं. एवढा जाच सोसून आरशात बघितलं की मान कशी ताठ व्हायची म्हणता! पण पाण्याचा शिपका बसला की केस पुन्हा मूळ पदावर. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियातल्या आमच्या बायका दंडुकेवाल्या शेरीफसमोरून खुशाल चालत जायच्या आणि पावसाच्या सरीला पाहून धूम ठोकायच्या.

हे काम आर्डेलिया आईकडून शिकली. आधी ती गोऱ्यांचे कपडे धुवायची. नवरा गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि एक शेगडी मांडली आणि दाराला पाटी लावली. मी तेव्हा व्हिटेकर नावाच्या गोऱ्यांची पोरं सांभाळायची. प्रूडी बँक्स दुसऱ्या एका घरी स्वयंपाक करायची. आम्ही तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी घरी बसायची पाळी. आर्डेलियाचं तसं नव्हतं. "मला कोण काढून टाकणार गं?" ती म्हणायची. "मीच मला?" त्यामुळे गावात जे कुठे बोलता यायचं नाही ते सगळं तिच्या खुर्चीभोवती बोललं जायचं.

तिच्या भीतीला दुसरंही एक कारण होतं आणि ते केसांइतकं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गावात पोहण्याचा तलाव होता, निळ्या फरशीचा, गोऱ्यांसाठी. आमची पोरं ओढ्यावर जायची. ओढ्याला तळ कुठे आहे आणि कुठे नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आर्डेलियाचा धाकटा मुलगा एमरी एका उन्हाळ्यात तिथे गेला तो परत आलाच नाही. गावातल्या आमच्या एकाही मोठ्या माणसाला पोहता येत नव्हतं. पोरं काठावरून ओरडत राहिली आणि आम्ही धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर आर्डेलिया कधी ओढ्याच्या पुलावरूनसुद्धा गेली नाही. एमरीचं नावही ती घ्यायची नाही. आरशाच्या कोपऱ्यात त्याचा फोटो खोचलेला असायचा, तेवढाच.

शनिवारी दुकान भरलेलं असायचं. निवृत्त हेडमास्तर लॉकेट आपल्या बायकोला घेऊन यायचे आणि तिचे केस होईपर्यंत मागच्या ओसरीवर कॉफी पीत बसायचे. बसायचे कसले, दारातून आत तोंड घालून आम्हाला शिकवायचे.

एकदा प्रूडीने मान खाली घातलेली असतानाच विचारलं, "मास्तर, हा वंश वंश म्हणतात तो नक्की असतो तरी कुठे हो?"

"कुठेच नसतो," मास्तर म्हणाले. "वजन करायला गेलात तर भरत नाही, कापून बघितलंत तर सापडत नाही. कुणीतरी रचलेली गोष्ट आहे ती."

"गोष्ट म्हणे! त्या गोष्टीने माझ्या भावाचे दात पाडले."

"गोष्ट खोटी असली म्हणून दात खोटे पडत नाहीत, प्रूडी. दंडुका हातात असलेल्याने सांगितली की खोटी गोष्टसुद्धा खरी लागते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, मला विचारा की! दर उन्हाळ्यात मी त्यांच्या तलावात उभी राहते. अंगात पांढरा गणवेश, डोक्यावर पांढरी टोपी, कडेवर व्हिटेकरांचं पोर. गुडघाभर पाण्यात तासन् तास. तेव्हा काही पाणी बाटत नाही. तेच पोर खाली ठेवून मी एकटी उतरले की बाटलंच! म्हणजे वंश कातडीत नाही, कडेवर आहे."

मास्तरांना कॉफीचा ठसका लागला. "कडेवर नाही, गणवेशात आहे म्हण," ते डोळे पुसत म्हणाले. "गणवेश दिसला की ते माणूस बघायचंच सोडून देतात."

आर्डेलिया कंगवा चालवत होती. ती हसली नाही, पण मला आरशात दिसलं, तिचा हात क्षणभर थांबला होता.

त्याच वसंतात तिची मुलगी व्हर्लिन अटलांटाच्या कॉलेजातून सुट्टीला आली. दारात उभी राहिली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. पोरीचे केस डोक्याभोवती जसे उगवले होते तसेच होते. ना मलम, ना कंगवा.

आर्डेलियाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजारी होतीस का गं?"

"नाही आई."

"मग कॉलेजात कंगवे मिळेनासे झाले?"

व्हर्लिनने पेटी खाली ठेवली. "आई, सरळ केस चांगले आणि आपले वाईट, हे ठरवलं कुणी? तलावाच्या फाटकाला कुलूप त्यांनी घातलं. डोक्याला मात्र आपण आपल्याच हाताने घालतो."

शेगडीवरचा कंगवा धूर सोडायला लागला तरी आर्डेलिया उचलेना. "म्हणजे जन्मभर मी कुलपं घातली म्हण की लोकांच्या डोक्याला," ती म्हणाली आणि एप्रन काढून आत निघून गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीतून अर्ध्या डोक्याने उठले. एका बाजूचे केस सरळ, दुसऱ्या बाजूचे उभे. म्हटलं, "गं भवाने, ज्या कंगव्याने तुला कॉलेजात धाडलं त्यालाच नावं ठेवतेस?"

"कंगव्याला नाही गं मावशी. आपण कुणासारखं दिसायला धडपडतो तेवढंच विचारतेय. विचारायचं नाही का?"

विचारायचं का नाही? प्रश्न बरोबर होता, म्हणून तर जास्त राग आला. त्या दिवशी मी अर्ध्या डोक्यानेच घरी गेले. पुढे मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी भिंतीशी बोलल्यासारख्या बोलायच्या. "कुणाला कॉफी हवी असेल तर आहे," असं आर्डेलिया खिडकीकडे बघून म्हणायची.

मग आला थर्मन गेन्स. शहरातल्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीने पाठवलेला तरुण, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. बैठक अर्थातच आर्डेलियाच्या दुकानात. त्याचं म्हणणं असं की उन्हाळा सुरू होताना तलाव ज्या दिवशी उघडतो, त्याच दिवशी आपण पाण्यात उतरायचं. वर्तमानपत्रवाले त्या दिवशी फोटो काढायला येतातच. पुरुष दिसले की दंडुके आधी चालतात, म्हणून पुढे बायका हव्यात. "पहिला शनिवार," तो म्हणाला. "कोण कोण तयार आहे?"

एकही हात वर झाला नाही.

"घाबरलात?" त्याने समजुतीच्या सुरात विचारलं.

"बाळा," प्रूडी म्हणाली, "त्या शनिवारनंतरचा रविवार कुठला?"

थर्मन गोंधळला. त्याला काय कप्पाळ ठाऊक! तो आमच्या चर्चचा बायकांचा रविवार होता. वर्षातून एकदा सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत पुढच्या बाकांवर बसतात, प्रार्थना बायका चालवतात, गाणी बायका म्हणतात, आणि दारात उभी राहणारी ओझेला, जिला सगळे सिस्टर म्हणतात, ती हातमोजे घालून प्रत्येकीला नखशिखान्त तपासते. महिनाभर आधीपासून आर्डेलियाची खुर्ची ठरलेली असते.

"बायकांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तू आम्हाला डोकं भिजवायला सांगतोस?" प्रूडीने कमरेवर हात ठेवले. "तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही?"

सगळ्या बायका खो खो हसल्या. बिचारा थर्मन ओशाळून चष्मा पुसायला लागला. तारीख बदलता येईना, कारण तलाव उघडायचा दिवस काही आमच्या हातात नव्हता. हसण्यावारीच सगळं मोडलं असतं, पण व्हर्लिन ताडकन उठली.

"झालं तर मग! ओढ्यात पोरं मरू देत. आपले केस तेवढे सरळ राहू देत!"

हसू विरलं. सगळ्यांच्या नजरा नको म्हणता म्हणता आरशाच्या कोपऱ्याकडे गेल्या. व्हर्लिनने स्वतःच तोंडावर हात दाबला, पण शब्द गेला तो गेला.

आर्डेलियाने कंगवा पुसून खाली ठेवला. मग म्हणाली, "शुक्रवारी सगळ्या जणी नेहमीसारख्या या. केस करून देते."

ते ऐकून व्हर्लिन रडत बाहेर गेली. तिला वाटलं, आईने नाही म्हटलं. मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात आर्डेलिया माझ्याकडे वळली. "क्लो, तुझा तो पांढरा गणवेश धुऊन ठेव. जिच्याकडे असेल तिने शनिवारी घालून यायचं. नसेल तिने मागून आणायचा."

"तो कशाला?"

"मास्तर म्हणतात ना, गणवेश दिसला की ते माणूस बघत नाहीत. बघू या तरी खरं की खोटं."

शुक्रवारी तिने एकेकीचे केस असे केले की काय सांगू! माझ्या पाळीला मी न राहवून म्हटलं, "अगं, उद्या भिजायचेत ना? मग आज हा खटाटोप कशाला?"

"आधीच विस्कटलेलं डोकं भिजवलं तर त्यात काय दिलं आपण?" तिने माझा कान अलगद दाबून धरला. "केस माझ्या लोकांचे, कंगवा माझा. सरळ मी केले, कुणी सांगितलं म्हणून नाही, मला आवडतात म्हणून. उद्या भिजवायचे तर तेही मीच ठरवणार. माझ्या लेकीला एवढंच कळत नाही. हलू नकोस, भाजेल."

"आणि तू? तू उतरशील?"

तापलेला कंगवा तिच्या हातून निसटला. माझ्या मानेवर अजून त्याचा डाग आहे.

शनिवारी आम्ही पांढऱ्या गणवेशात, पांढऱ्या टोप्या घालून तलावाच्या फाटकातून आत गेलो. व्हर्लिनही होती. आईचा बेत कळल्यावर तिनेही कुणाचा तरी गणवेश मागून आणला होता. फाटकावरच्या तिकीटवाल्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला वाटलं, आया आल्या पोरं सांभाळायला. एवढ्या आया आणि पोर एकीच्याही कडेवर नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मास्तरांचं ऐकून हसले होते मी, पण त्या क्षणी ते खरं ठरलं. इतकी वर्षं मी त्या फाटकातून जात होते आणि मला कुणी पाहिलंच नव्हतं.

काठावर आम्ही टोप्या काढल्या, एप्रन काढले, बूट काढून नीट ओळीत ठेवले आणि पाण्यात उतरलो. मग मात्र सगळ्यांना आम्ही दिसलो. एक बाई किंचाळली. पोरांना दंडाला धरधरून बाहेर ओढलं. बघता बघता तलाव रिकामा, आणि मध्ये आम्ही. मॅनेजर धावत आला, आम्हाला शिव्या घातल्या, आणि मग त्याने तळाचं बूच उघडायला लावलं. तलाव रिकामाच करून टाकायचा, म्हणजे आम्ही भिजणारच नाही.

शेरीफची माणसं आली, पण त्यांना बूट भिजवायचे नव्हते. ती काठावर हाताची घडी घालून पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली. इतकी वर्षं केस भिजायला आम्ही भ्यायलो आणि तिथे बूट भिजायला पोलीस घाबरले. प्रूडीला तर हसू आवरेना.

पण आर्डेलिया काठावरच होती. अनवाणी, पायऱ्यांच्या लोखंडी दांड्याला घट्ट धरून. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, हिला आता कुणी हलवू शकणार नाही, आणि हलवूही नये.

व्हर्लिन पाणी कापत पायऱ्यांपाशी गेली. तिने हात पुढे केला. "आई, पाणी चाललंय गं."

आर्डेलिया एक पायरी उतरली. मग दुसरी. गणवेश फुगून पाण्यावर आला. ती लेकीचा हात धरून तलावाच्या मध्यापर्यंत चालत आली आणि थांबली. पाणी अजून फारसं उतरलं नव्हतं, तरी तिच्या कमरेपर्यंतच होतं. तिने खाली पाहिलं. निळी फरशी स्वच्छ दिसत होती, तिची दहाही बोटं दिसत होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच पाणी होतं?" आणि मग, इतक्या वर्षांनी, तिने त्याचं नाव घेतलं. "माझा एमरी इथे उभा राहू शकला असता, व्हर्लिन. त्याची हनुवटीसुद्धा भिजली नसती."

मी रडले. सगळ्याच रडलो, लपवायचं काय त्यात? आणि मग त्या बाईने नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि डोकं पाण्याखाली घातलं. आदल्या दिवशी स्वतः बसून केलेले ते सुरेख केस! वर आली तेव्हा मलमाचे थेंब कपाळावरून ओघळत होते. तिने आम्हाला दटावलं, "बघताय काय? बुडा!" आम्ही एकेक करून बुडलो.

पाणी घोट्याशी आलं तेव्हा पोलीस उतरले. त्यांनी आम्हाला गाडीत कोंबलं. कोठडीत उकाडा होता, केस वाळून उभे राहिले आणि प्रत्येकीचं डोकं कापसाच्या बोंडासारखं फुललं. कंगवा कुणाकडेच नव्हता. संध्याकाळी बघते तर व्हर्लिन आईच्या मागे बसून बोटांनी तिच्या केसांचा गुंता सोडवत होती.

"आई, मी ते कुलपाचं बोलले ना—"

"बोललीस. आता गप्प बस आणि नीट वेणी घाल. कानामागची बट सुटलीय."

रविवारी सकाळी लॉकेट मास्तरांनी आम्हाला जामिनावर सोडवलं. घरी जायला वेळ नव्हता. आम्ही तशाच चर्चला गेलो, चुरगळलेल्या पांढऱ्या गणवेशात. नाही तरी बायकांच्या रविवारी पांढरेच कपडे लागतात. दारात सिस्टर ओझेला. तिने हातमोज्यातलं बोट उचलून आमच्या एकेकीच्या डोक्याकडे पाहिलं. पोलिसांपुढे नाही इतकी माझी तिथे गाळण उडाली. मग ती पुढच्या बाकावरच्या नटलेल्या बायकांकडे वळून कडाडली, "उठा गं, जागा द्या त्यांना!"

गावाने तलाव बंदच केला. गोऱ्यांची पोरंही घामाघूम, पण आम्हाला पाण्यात येऊ द्यायचं नाही म्हणजे नाही. तलावात पानं साचली, बेडूक झाले. पुढे काळ्या-गोऱ्यांना सारखं वागवायचा कायदा झाला, कोर्टात खेटे झाले आणि अखेर एका उन्हाळ्यात फाटक सगळ्यांसाठी उघडलं. दुकानातही बदल झाला. व्हर्लिनच्या वयाच्या मुली आपले कुरळे केस नुसते धुवायला, तेल लावायला यायच्या. आर्डेलियाने दुसरी खुर्ची मांडली. मास्तरांनी विचारलं, "आता सरळ की कुरळे, तुमचा पक्ष कुठला?" ती म्हणाली, "जिचं डोकं तिचा पक्ष."

तलाव उघडला तरी आमच्या मुली पाण्यात जाईनात. कारण तेच, केस. आयाच पाठवायच्या नाहीत. व्हर्लिन कॉलेजात पोहायला शिकली होती, ती शिकवायला तयार होती, पण शिकणार कोण? मग आर्डेलिया स्वतः रोज दुपारी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहायला लागली. तिला स्वतःला शेवटपर्यंत धड पोहता आलं नाही. ती नुसती पोरींच्या पाठीखाली हात धरायची.

माझी नात डेल्फीन पहिल्या दिवशी उताणी पडली तेव्हा मी काठावर जीव मुठीत धरून बसले होते. आर्डेलियाचा हात तिच्या पाठीखाली होता. मग मी बघते तर दोन्ही हात पाण्याच्या वर. पोर एकटीच तरंगत होती आणि आर्डेलिया तिच्याकडे अशी बघत होती की मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

डेल्फीनला कळलंच नव्हतं. ती आभाळाकडे बघत ओरडली, "मिस आर्डेलिया, माझे सगळे केस भिजले!"

"भिजू दे गं," आर्डेलिया म्हणाली. "शनिवारी दुकानात मी आहे ना."